आजोबा कुठे गेले, असं विचारलं तर

सातारा
गुरुवार

चि. बाळ यास,


तेराव्याची माणसं पांगली, मंडपवाल्याच्या खुर्च्या परत गेल्या आणि पुण्याला पोचल्यावर तू फोन केलास. मला वाटलं दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, पेन्शनच्या कागदांचं विचारशील. तू विचारलंस, "आत्या, पोरांना काय सांगू? बाबा पक्के वारकरी. मी देव मानत नाही, आत्मा मला पटत नाही. पोरं विचारतात आजोबा कुठे गेले. खोटं बोलवत नाही आणि खरं सांगवत नाही." फोनवर घाईघाईत उत्तर देण्याजोगा प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र. अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि त्याआधीचं सगळं लहानपण दादाच्या टाळांच्या आवाजात गेलं. तेव्हा तुझ्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला परक्या नाहीत. सूनबाईलाही वाचायला दे.

मुद्द्याचं आधी सांगते. मुलांना शरीराचं खरं आधी सांगायचं, आत्म्याचं नंतर. हा क्रम उलटा झाला की अध्यात्माची नुसती थाप होते, आणि थापा मुलांना लवकर कळतात. क्रम सांभाळला तर तेच अध्यात्म मुलाच्या फार कामाला येतं. माणूस जातो, पण त्याच्यावरची माया, त्याच्यावरचा राग, त्याला सांगायचं राहून गेलेलं असं पुष्कळ काही मुलाकडे उरतं. ते ठेवायला शरीरशास्त्राच्या पुस्तकात जागा नाही. ती जागा अध्यात्मात आहे.

आता धाकट्याचं बघ. दादा गेला त्या दिवशी त्याला शेजारच्यांकडे नेऊन बसवलं, हातात मोबाइल दिला, आणि संध्याकाळी कुणीतरी सांगितलं, "आजोबा देवाघरी गेले." दुसऱ्या दिवशी तो मला विचारतो, "रविवारी येतील ना?" यात त्याचं काय चुकलं? घरी गेलेली माणसं परत येतात, हाच त्याचा अनुभव. मारिया नॅगी या हंगेरियन अभ्यासक बाईंनी बुडापेस्टकडच्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांना मृत्यूविषयी बोलतं केलं आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केलं. पाचाच्या आतली मुलं मृत्यूला झोप किंवा प्रवास समजत होती. पाच ते नऊ वयाच्या मुलांना मृत्यू म्हणजे कुणीतरी येऊन धरून नेणारा वाटत होता. नऊच्या पुढे कुठे ते अटळ आहे आणि सगळ्यांना आहे, हे कळत होतं. नंतरच्या अभ्यासकांना वयाच्या या रेघा इतक्या पक्क्या वाटल्या नाहीत. त्यांनी चार गोष्टी वेगळ्या काढल्या: मेलेलं माणूस परत येत नाही, त्याच्या शरीराचं सगळं काम थांबतं, प्रत्येक जिवाला मरण आहे, आणि मरणाला शरीरातलं काही कारण असतं. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना हे उमगू लागतं. धाकटा पहिलीत आहे, म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. त्याला आत घ्यायचं की बाहेरच भूलथापांवर ठेवायचं, हे तुम्हा दोघांच्या हातात आहे.

म्हणून त्याला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांग. "आजोबा मेले. त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते पुन्हा सुरू झालं नाही. मेलेलं माणूस परत येत नाही. आजोबांना आता भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही." 'मेले' हा शब्द तुझ्या तोंडून निघणं जड जाईल, मला ठाऊक आहे; मलाही लिहिताना जड गेला. पण 'वारले', 'गेले', 'आपल्यात राहिले नाहीत' यातलं काहीही सहा वर्षांच्या पोराला कळत नाही. त्याला नेमकं काय डाचतंय ते विचार. परवा त्यानं मला हळूच विचारलं, "जाळताना आजोबांना चटका बसला का?" इतके दिवस ते पोर हा प्रश्न पोटात घेऊन वावरत होतं आणि आपण त्याला चॉकलेट देत होतो. "नाही रे, नख कापताना जसं दुखत नाही, तसं शरीर मेलं की काहीच दुखत नाही," एवढं सांगितल्यावर त्यानं स्वतःची नखं बघितली आणि तो खेळायला पळाला. उत्तर नेमकं असलं की मुलांना एवढं पुरतं.

काही वाक्यं मात्र घरात वर्ज्य कर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही तसं सांग. "आजोबा झोपलेत" असं ऐकलेलं मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. "देवाला चांगली माणसं आवडतात, म्हणून त्यानं नेलं" हे ऐकून थोरलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय तिथेच तोडला. तिचा हिशोब सरळ होता: मग चांगलं वागायचं कशाला, आणि आता नंबर आईचा की काय? तिसरं वाक्य म्हणजे, "आजोबा वरून बघतायत हं, दूध संपव." दादानं जन्मात कधी नातवंडांवर डोळे वटारले नाहीत, मेल्यावर त्याला पहारेकरी करू नका. आणि देवाघराचं वर्णन इतकंही गोड करू नका की पोराला तिकडेच जावंसं वाटेल.

आता तुला बहुधा माहीत नसलेलं सांगते. दादाला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळी धाकट्यानं त्याच्याशी कट्टी घेतली होती. कॅरममध्ये दादानं राणी घेतली आणि कव्हरही काढलं, म्हणून. बट्टी व्हायची राहून गेली. तेराव्याच्या रात्री माझ्या शेजारी झोपला होता तेव्हा त्यानं हे सांगितलं. म्हणाला, "मी कट्टी केली म्हणून झालं का?" या वयात मुलांना वाटतं की आपल्या मनात आलं, आपण बोललो, म्हणून जगात तसं घडलं. घरात मरण झालं की पुष्कळ मुलं असला एखादा आळ स्वतःवर घेतात, आणि मोठ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

इथे दोन्ही गोष्टी लागतात. आधी शरीराचं खरं: "कट्टीनं कुणी मरत नाही. आजोबांच्या हृदयाच्या नळ्या कित्येक वर्षांपासून बंद होत आल्या होत्या." हे स्वच्छ सांगितलं की अपराधाचं ओझं उतरतं. पण बट्टी उरतेच. ती कुणाशी करायची? डॉक्टर त्याला उत्तर देऊ शकत नाहीत. आपल्याकडे फोटो आहे, निरांजन आहे, तुळस आहे, हात जोडायची रीत आहे. मी त्याला म्हटलं, "आजोबांच्या फोटोसमोर उभा राहा आणि काय सांगायचंय ते सांग." त्यानं आंगठा आणि करंगळी कुठली धरायची याचा बराच विचार केला, मग फोटोच्या काचेला दोन बोटं लावली. त्यानं काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. आत्मा आहे की नाही याचा निकाल त्या क्षणी लागायची गरज नव्हती. त्या पोराला क्षमा मागायला एक ठिकाण हवं होतं, ते मिळालं. मुलांना मृत्यू सोसायला अध्यात्माची मदत होते म्हणतात, ती मी पाहिली ती अशी.

कठोपनिषदातला नचिकेता तुला आठवत असेल. दादा गोष्ट सांगायचा. बापानं रागाच्या भरात "तुला मृत्यूला देतो" म्हटलं आणि पोरगा खरंच यमाच्या दारात जाऊन बसला. यम घरी नव्हता. तीन रात्री उपाशी बसला, म्हणून यमानं तीन वर दिले. मेल्यावर माणूस असतो की नसतो, हा त्याचा प्रसिद्ध प्रश्न तिसऱ्या वरातला. यमानं काय केलं? त्यानं आढेवेढे घेतले. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, हवं तितकं आयुष्य घे, पण हे विचारू नकोस, म्हणाला. आपण मोबाइल देतो, त्यानं हत्ती देऊ केले, इतकाच फरक! पोरगा हटला नाही, तेव्हा यमाला बोलावंच लागलं. म्हणजे मुलानं मृत्यूविषयी विचारणं आपल्या परंपरेत अभद्र नाही. एक अख्खं उपनिषद त्या विचारण्यावर उभं आहे. "असलं बोलू नये" असं धाकट्याला कुणी दटावलं तर त्यांना नचिकेता दाखव.

पण मला त्या गोष्टीत पहिला वर जास्त महत्त्वाचा वाटतो. नचिकेत्यानं आधी काय मागितलं? घरी परतेन तेव्हा वडिलांचा राग शांत झालेला असो आणि त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावं. आधी घर शाबूत आहे याची खात्री, मग तत्त्वज्ञान. मुलांचं अगदी असंच असतं. "आजोबा कुठे गेले?" या प्रश्नामागे कितीदा तरी "तू पण मरशील का? मग मला शाळेतून कोण आणणार?" हा प्रश्न असतो. त्याला उत्तर दे: "बहुतेक माणसं खूप म्हातारी होऊन मरतात. मी आणि आई पुष्कळ वर्षं जगायचं म्हणतोय. आणि काही झालंच तर आत्याआजी आहे, मामा आहे. तू एकटा पडणार नाहीस." "मी कधीच मरणार नाही" असा शब्द मात्र देऊ नकोस. न पाळता येणारं वचन देऊ नये.

थोरलीचं दुखणं वेगळं आहे. ती पाचवीत, मेलेलं माणूस परत येत नाही हे तिला कुणी शिकवायला नको. दादा आयसीयूत होता तेव्हा ती रोज गणपतीसमोर बसत होती, अथर्वशीर्ष म्हणत होती. आता ती देवघराकडे बघत नाही. तुला वाटलं, बरं झालं, शहाणी झाली. सूनबाईला वाटलं, पोर नास्तिक झाली. मला वाटतं ती भांडलीय, आणि ज्याच्याशी भांडतो त्याच्याशी नातं तुटलेलं नसतं. तिला देवाची बाजू समजावत बसू नका. "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य मोठ्यांनाही पचत नाही, दहा वर्षांच्या पोरीला काय पचणार? तिला म्हणा, "तुला गणपतीचा राग आलाय ना? मग त्यालाच सांग." आपल्या संतांनी विठ्ठलाला काय कमी बोल लावले? नामदेव त्याच्याशी भांडले, जनाबाईनं त्याला शिव्या घातल्या, आणि वारकऱ्यांनी ते अभंग गाळले नाहीत, टाळ वाजवून म्हटले. देवाशी भांडायला या घरात परवानगी आहे, हे तिला कळू दे. दवाखान्यात आपल्या हाती काही नव्हतं तेव्हा प्रार्थनेनं तिला आजोबांजवळ ठेवलं, हेही सांग. मुलांना आयसीयूत सोडत नव्हते. ती तिच्या परीनं आत जाऊन बसली होती.

आणि तिला रडू दे. आध्यात्मिक घरात रडणं म्हणजे श्रद्धा कमी, असा एक खुळा समज आहे. "आत्मा अमर आहे, रडायचं काय?" असं आपल्याच एका पाहुण्यांनी तिला सुनावलं. त्यांना आळंदीची आठवण करून द्यायला हवी होती. इ.स. १२९६ मधल्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर समाधीला बसले तेव्हाचं वर्णन नामदेवांच्या अभंगांत आहे. निवृत्तिनाथ म्हणजे ज्ञानोबांचे थोरले भाऊ आणि गुरूही. आत्म्याचं ज्ञान ज्यांनी ज्ञानेश्वरांना दिलं, ते निवृत्तिनाथ त्या वर्णनात कासावीस होतात. सोपान, मुक्ताई रडतात. खुद्द पांडुरंगालाही दुःख आवरत नाही. आईबापाविना वाढलेली ती चार भावंडं होती, त्यांच्यातला एक चालला होता. ज्ञान असूनही ती रडली, आणि त्यांचं रडणं लपवावं असं नामदेवांना वाटलं नाही. थोरलीला हे सांग. दर कार्तिकात आळंदीला लाखो लोक जातात, त्यांना हे रडणं माहीत असतं.

आता तुझं. तुला पटत नाही ते पटल्याचं सोंग आणू नकोस. मूल तुझा चेहरा वाचतं, शब्द नंतर ऐकतं. पण आपल्याला पटत नाही म्हणून दादाची श्रद्धा मुलांपासून लपवायचीही गरज नाही. असं सांगता येतं: "आजोबांचं शरीर थांबलं, हे मला नक्की माहीत आहे. आत्मा विठ्ठलाकडे जातो असं आजोबा मानायचे. आईलाही तसं वाटतं. मला ते नक्की ठाऊक नाही. तुला काय वाटतं?" तुला भीती वाटेल की दोन बोलण्यांत पोरांचा गोंधळ होईल. होत नाही. पॉल हॅरिस आणि मार्ता खिमेनेस या संशोधकांनी माद्रिदमधल्या सात आणि अकरा वर्षांच्या मुलांना आजी-आजोबांच्या मृत्यूच्या दोन गोष्टी सांगितल्या; एकीत डॉक्टर बोलतात, दुसरीत धर्मगुरू. मेल्यानंतर काय काय थांबतं, असं विचारलं. धर्मगुरूच्या गोष्टीत 'काहीतरी चालू राहतं' असं म्हणणारी मुलं जास्त निघाली, आणि गंमत म्हणजे तसं मोठ्या मुलांनी अधिक म्हटलं. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. शरीर संपतं हे त्या मुलांना पक्कं माहीत होतं, तरी दुसऱ्या बोलण्यालाही त्यांच्या मनात जागा होती. तू स्वतः दहाव्याला तेच केलंस.

आठव ना. संगम माहुलीच्या घाटावर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले, काकू म्हणाल्या, "कशात तरी जीव अडकलाय." मग कुणीतरी तुला ढोसलं, आणि तू, आत्मा न मानणारा, हात जोडून म्हणालास, "बाबा, पोरांच्या शिक्षणाची काळजी करू नका." तुझा आवाज फाटला होता. कावळा आला तो त्यानंतर आला की तो येतच होता, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. तुला दादाशी बोलायचं होतं आणि त्या रीतीनं तुला बोलायला लावलं. धाकटा हे सगळं मामाच्या कडेवरून बघत होता. आता तो गॅलरीत पोळीचे तुकडे ठेवतो आणि "हा आजोबांचा कावळा का?" विचारतो, म्हणून सूनबाई घाबरली. घाबरू नका. "कावळा हा कावळाच आहे. पण त्याला खाऊ घालताना आपल्याला आजोबा आठवतात," एवढं सांगा. "आजोबांचा जीव अडकला होता का?" असं विचारलं तर स्पष्ट "नाही" म्हणा. आजोबा कुठेतरी तळमळतायत हे चित्र मुलाच्या डोक्यात राहू देऊ नका.

त्याच दिवशी घाटावरून परतताना त्यानं शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी पाहिली आणि विचारलं, "कुत्रा पण मेला?" कुणीतरी म्हणालं, "मेला, आणि महाराजही मेले." तो बराच वेळ गप्प होता. राजा, राजाचा कुत्रा आणि आपले आजोबा, सगळ्यांना एकच नियम. आपल्याच आजोबांना कुणी मुद्दाम उचलून नेलं नाही, हे मुलाला असं कळतं. बुद्धानं किसा गोतमीला मोहरीसाठी घरोघर पाठवलं ते याचसाठी. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातली मोहरी आण, म्हणाला. तिला तसं घर सापडलं नाही.

आणि हे आपल्याच रीतींनी जमतं किंवा त्यासाठी आत्मा मानावाच लागतो, असंही नाही. तुमच्या सोसायटीत बौद्ध कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे जलदान आणि पुण्यानुमोदन करतात. सगळं अनित्य आहे हे म्हणतात, गेलेल्या माणसाचं चांगलं काम आठवतात. वसईकडची ख्रिस्ती मुलं २ नोव्हेंबरला आईबापांबरोबर दफनभूमीत जाऊन फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. मुसलमानांत दफनाला आलेला प्रत्येक जण मूठ मूठ माती देतो. शिकवण निरनिराळी आहे. पण तिन्हीकडे नाव घ्यायला लोक जमतात, आणि हातांना काहीतरी काम असतं. बोस्टनमध्ये फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या सव्वाशे मुलांचा अभ्यास केला. जुनी समजूत अशी होती की मेलेल्या माणसापासून मन सोडवून घेतलं की दुःख संपतं. ही मुलं तसं करत नव्हती. ती गेलेल्या आईशी मनात बोलत होती, तिची एखादी वस्तू जपत होती, तिची स्वप्नं पाहत होती, आणि मोठी होताना त्या नात्याला नवं वळण देत होती. १९९२ साली त्यांनी हे लिहिलं. आपल्याकडे श्राद्धाचं पान वाढणाऱ्या बायकांना हे कुणी वेगळं सांगायला नको होतं, पण शास्त्रानंही म्हटलं हे बरं झालं.

एक उदाहरण टोकाचं आहे, पण सांगते. रवींद्रनाथांनी १९०२ ते १९०७ या काळात बायको, एक मुलगी, वडील आणि धाकटा मुलगा इतकी माणसं गमावली. त्यानंतर काही वर्षांनी 'डाकघर' लिहिलं. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, एवढंच त्याचं कथानक. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्साच्या ज्यू वस्तीत, यानुश कोर्चाक या डॉक्टरांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी ते नाटक केलं. मुलांना मरणाला शांतपणे सामोरं जाता यावं म्हणून हे नाटक निवडलं, असं त्यांनी सांगितल्याचं नोंदलं आहे. तीन आठवड्यांच्या आत त्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. स्वतःची सुटका करून घ्यायची संधी नाकारून कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले. त्या मुलांना त्यांनी व्याख्यान दिलं नाही. ज्यात शिरता येईल अशी गोष्ट दिली, आणि स्वतः सोबत राहिले. तुझ्या मुलांवर देवदयेनं असा प्रसंग नाही. पण गोष्ट आणि सोबत या दोन गोष्टी त्यांनाही लागतील.

म्हणून या वर्षाचं सांगते. संध्याकाळी सातला दादा दोघांना घेऊन हरिपाठ म्हणायचा. त्यातले दोन-तीन अभंग धाकट्याला पाठ आहेत. ती वेळ मोडू नका. पाच मिनिटं पुरे. तू म्हणू नकोस, नुसता शेजारी बस. एखादे दिवशी पोरांनी टाळाटाळ केली तर ओढू नका. दिवाळीला लोक म्हणतील, सुतकाचं वर्ष, कंदील नको, फराळ नको. मोठ्यांचं काय ते आपण पाळू. पण मुलांना किल्ला करू दे, दादा माती भिजवायचा तशी तू भिजव. भाद्रपदात पितृपंधरवडा आला की पानात काय काय वाढायचं ते थोरलीला ठरवू दे. दादाला घोसाळ्याची भजी आवडायची हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि वर्षश्राद्धाला दोघांनी आजोबांची एकेक गोष्ट सांगायची, खोडीची असली तरी चालेल.

मुलं सलग दुःख करत नाहीत. दहा मिनिटं रडतील, मग क्रिकेट खेळतील, मग जेवताना एकदम विचारतील. त्यांना काहीच वाटत नाही असं समजू नकोस. पण आठवडेच्या आठवडे जेवण तुटलं, झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, शाळा नकोशी झाली, तर बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला कमीपणा मानू नका. आणि "मला पण आजोबांकडे जायचंय" असं कुणी म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. शांतपणे बसून विचारा, आणि त्याच दिवशी जाणत्या माणसाशी बोला. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ या नंबरवर; ती फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

शेवटचं तुझ्यापुरतं. सगळ्या धावपळीत तुला रडताना मी पाहिलं नाही. मुलांसमोर डोळ्यांत पाणी आलं तर आत जाऊन तोंड धुवू नकोस. "मला माझ्या बाबांची आठवण येतेय" असं त्यांना सांग, आणि थोड्या वेळानं उठून नेहमीसारखं त्यांचं दप्तर भर. बाप रडतो आणि तरी बाप राहतो, हे एकदा बघितलं की मुलांना दुःखाची फार भीती वाटत नाही.

सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. दोघांच्याही वर्गशिक्षिकांना घरात काय झालंय ते कळव. आजी-आजोबांवर निबंध लिहायला सांगतात तेव्हा पोरं अडखळतात. बाईंना माहीत असलेलं बरं.